दारू पिऊन बोट चालवली तर शिक्षा काय? बॅकवॉटरचा अनुभव आणि प्रश्न

कात्रजकरीण | बुधवार, रात्री १०:१५

गेल्या रविवारी सोसायटीतली आम्ही चार कुटुंबं पुण्यापासून तासा-दीड तासावर एका धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका माणसाची बदनामी करायची नाहीये, मला उत्तर हवंय. जेवणं झाल्यावर पोरांनी बोटीचा हट्ट धरला म्हणून आम्ही मोठे तिघं आणि मुलं पाच असे बसलो. माझ्या मुलीच्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं, तिथे कुणीतरी नाडी बांधून ठेवली होती. ती नाडी घट्ट करायला मी खाली वाकले तेव्हा मागे बोटवाला चढला आणि पेट्रोलच्या वासातूनही दारूचा वास भप्पकन आला. इंजिनाची दोरी ओढायला गेला तर पहिल्यांदा हातात हवाच आली, दुसऱ्यांदा दोरी सापडली. मी "थांबा, उतरायचंय" म्हणेपर्यंत बोट सुटली होती.

पुढची वीस मिनिटं कशी गेली ते सांगता येत नाही. पाण्याच्या मधोमध त्याने दोनदा जोरात गोल वळण घेतलं, मुलं आनंदाने ओरडत होती आणि मी दोन्ही हातांनी दोघींच्या जॅकेटचे पट्टे धरून बसले होते. समोरून दुसरी बोट आली ती अगदी आठ-दहा फुटांवरून गेली. काठाला लागल्यावर मी तिथल्या मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, सुखरूप आलात ना? ड्रंक अँड ड्राइव्ह रस्त्यावर असतं, पाण्यावर कुठलं आलंय." आणि मला त्यावर काही उत्तर सुचलं नाही. घरी आल्यापासून तेच वाक्य डोक्यात घुमतंय.

खरंच पाण्यावर कायदा नाही का? असेल तर शिक्षा काय आहे? आणि तीन दिवस उलटून गेलेत, आता तक्रार करता येते का?

सिंहगडरोडकर | बुधवार, रात्री १०:४०

बाप रे. ताई, मुली ठीक आहेत ना? आधी ते सांगा.

कात्रजकरीण | बुधवार, रात्री १०:४४

हो दादा, दोघी ठीक आहेत. त्यांना तर काही झालं हेही कळलेलं नाही.

काळा कोट | बुधवार, रात्री ११:३०

ताई, मी शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करतो, सविस्तर लिहितो कारण त्या मॅनेजरचं वाक्य अर्धं बरोबर आहे आणि अर्धं साफ चूक आहे, आणि लोक नेमके त्या अर्ध्या खऱ्यावरच गप्प बसतात.

बरोबर एवढंच की रस्त्यावर आपल्याला जो 'ड्रंक अँड ड्राइव्ह' माहितीये तो मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ मधला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला, मग गाडी कितीही नीट चालवत असा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे. पण हा कायदा मोटार वाहनाची व्याख्याच 'रस्त्यावर वापरण्याजोगं वाहन' अशी करतो, बोट त्यात बसत नाही. म्हणून बोटवाल्यावर १८५ लागत नाही.

आता चूक काय ते. भारतीय न्याय संहितेचं कलम २८२ फक्त जलयानासाठीच आहे. मानवी जीव धोक्यात येईल किंवा कुणाला इजा होण्याचा संभव असेल अशा बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे जो जलयान चालवतो त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, हेच कलम २८० होतं आणि दंड होता फक्त १,००० रुपये. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता लागू झाली तेव्हा तो दहापट झाला. शब्द नीट बघा, 'धोक्यात येईल', 'संभव असेल'. म्हणजे अपघात व्हायलाच हवा असं नाही, कुणी बुडायची वाट बघायची नाही. गुन्हा दखलपात्र आहे, पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात.

फरक एवढाच की १८५ मध्ये आकडा दाखवला की काम झालं, इथे तसं नाही. इथे 'तो बेदरकारपणे चालवत होता' हे सिद्ध करावं लागतं आणि दारू हा त्याचा पुरावा ठरतो. दोरी हाताला लागत नव्हती, पाच मुलं बसलेली असताना दोनदा गरकन वळवली, समोरची बोट आठ-दहा फुटांवरून गेली, हे सगळं तुम्ही वर लिहिलंय ना, तेच २८२ चं साहित्य आहे.

भोरची पोर | बुधवार, रात्री ११:५२

आणि कुणाचा जीव गेला तर? तेव्हाही सहा महिनेच?

काळा कोट | गुरुवार, रात्री १२:१०

नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जबर दुखापत झाली तर १२५ खाली तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतं. आणि 'याने माणूस मरू शकतो' हे माहीत असूनही केलं असं कोर्टाला पटलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध, तिथे दहा वर्षांपर्यंत. याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे, रस्त्यावरचं आहे पण तत्त्व तेच. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत कार्टर रोडला दारूच्या नशेत गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात जण गेले. सत्र न्यायालयाने हलकं कलम लावलं होतं, हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली आणि २०१२ मध्ये अ‍ॅलिस्टर परेरा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. स्वतःहून दारू प्यायलेल्या माणसाला 'मला कळत नव्हतं' ही सबब पुरत नाही. हेच उद्या एखाद्या बोटीच्या खटल्यात पुढे येऊ शकतं.

मालकालाही विसरू नका. भाडं घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या जलयानातून माणसं नेली तर कलम २८४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. ते तुटकं बक्कल आणि नाडी इथे कामाला येईल. फोटो काढलाय का?

वल्हेकरी | गुरुवार, सकाळी ७:०५

मी कॉलेजात असताना सीओईपीच्या (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) बोट क्लबवर चार वर्षं वल्ही मारली, रेगाटाला म्हणजे बोटींच्या स्पर्धेला उतरलोय, आता अधूनमधून शिडाच्या बोटीवर असतो. कायद्याचं काळा कोट सांगतायत, मी बोटीचं सांगतो, कारण लोकांना वाटतं मोकळं पाणी आहे, कुणाला धडकणार?

बोटीला ब्रेक नसतो. थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा दांडा, सोडला तरी ती आपल्या वेगाने पुढे घसरत राहते. आणि वळवताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, गाडीसारखं पुढचं चाक वळलं नि मागचं मागोमाग आलं असं होत नाही. काठाजवळ पोहणारं पोर असेल तर पंखा थेट त्याच्याकडे जातो. हे सगळं आधीच ओळखून हात हलवावा लागतो आणि दारू पहिल्यांदा तेच घालवते.

दुसरी गोष्ट, आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाला बहुतेक वेळा एक लाल रंगाची गुंडाळीची दोरी असते, तिची क्लिप चालवणाऱ्याने मनगटाला किंवा जॅकेटला लावायची. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर चालवणारा पाण्यात आणि रिकामी बोट तुमची पोरं घेऊन गोल गोल फिरत राहते. ताई, तुम्ही होतात त्या बोटीत ती दोरी कुठे होती आठवतंय?

कात्रजकरीण | गुरुवार, सकाळी ८:२०

इंजिनाच्या दांड्यालाच गुंडाळून ठेवलेली होती. लाल होती हे नक्की आठवतंय, मला वाटलं बोट बांधायची असेल. हे वाचून पोटात गोळा आला.

फोटो माझ्याकडे एक आहे, निघायच्या आधी मुलींचा काढलेला, त्यात नाडी दिसतेय.

काळा कोट | गुरुवार, सकाळी ८:४५

तो फोटो मूळ फाइल म्हणून जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला नको, त्यावरची तारीख-वेळ महत्त्वाची आहे.

डेक्कनचा डॉक्टर | गुरुवार, दुपारी १:३०

कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलीयेत म्हणून दोन गोष्टी लिहितो.

रक्तातलं अल्कोहोल साधारण ताशी १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतं. म्हणजे दुपारी १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम असलेला माणूस संध्याकाळी पाच-सहा तासांनी जवळपास कोरा. त्यामुळे तीन दिवसांनी टेस्टचा काही उपयोग नाही, ताई, ती वेळ गेली. अशा वेळी काठाला लागल्या लागल्या ११२ ला फोन करायचा. अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ५१ खाली डॉक्टरकडून करून घेता येते, आम्ही रक्त घेतो, चाल, बोलणं, बाहुल्या सगळं लिहून देतो. बोटीवरचा आहे म्हणून आम्ही तपासत नाही असं काही नसतं.

दुसरं म्हणजे पाण्यावर तेवढीच दारू जास्त भारी पडते. ऊन, पाण्यावरची तिरीप, इंजिनाची थरथर, सतत डोलणं यानेच माणूस दोन-तीन तासांत थकतो, त्यात दारू. आणि पाण्यात पडला तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात त्यामुळे अंग झपाट्याने गार पडतं, कानातला तोल बिघडलेला असतो, अंधारात किंवा गढूळ पाण्यात वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. चांगला पोहणारा माणूसही चुकीच्या दिशेला हात मारतो. हे बसणाऱ्यांनाही तितकंच लागू आहे, फक्त चालवणाऱ्याला नाही.

ऑस्टिनहून पुणेकर | गुरुवार, रात्री ९:१०

मी मूळचा कोथरूडचा, इथे टेक्सासमध्ये अकरा वर्षं झाली. इकडचं लिहितो कारण इकडे या गुन्ह्याला 'बोटिंग व्हाइल इंटॉक्सिकेटेड' असं स्वतंत्र नाव आहे आणि लोक खरंच घाबरतात.

दोन वर्षांपूर्वी चार जुलैच्या सुट्टीत लेक ट्रॅव्हिसवर आमच्या ग्रुपने बोट भाड्याने घेतली होती, ग्रुपमधला एक जण चालवत होता आणि त्याने तीन-चार बिअर घेतल्या होत्या. इथे बोटीवर उघडी बाटली असणं गुन्हा नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं चालतंय. गेम वॉर्डनची, म्हणजे तलावावर गस्त घालणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची बोट शेजारी आली, लाइफ जॅकेटं मोजायला. त्यासाठी त्यांना आधी संशय असावा लागत नाही, सुरक्षेची तपासणी म्हणून ते कधीही थांबवू शकतात. बोलता बोलता त्यांना वास आला. मग त्याला बसवूनच टेस्ट घेतल्या, हाताचं बोट नाकाला लावा, तळहात उलटसुलट थोपटा, पेनाच्या टोकाकडे नुसती नजर फिरवा. डोलत्या बोटीवर सरळ रेषेत चालायला सांगणं योग्य नाही म्हणून बसून करायच्या टेस्ट वेगळ्या ठरवलेल्या आहेत. बेड्या घालून नेलं त्याला, त्याच्या बायकोपोरांसमोर.

टेक्सासमध्ये पहिल्या गुन्ह्याला १८० दिवसांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड, दोषी ठरलात तर किमान ७२ तासांची कैद कायद्यातच लिहिलीये. दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत आणि ४,००० डॉलर. कुणी मेलं तर दोन ते वीस वर्षं, आणि त्या कलमात गाडी आणि बोट शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. फ्लोरिडात पहिल्या वेळी ५०० ते १,००० डॉलर आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, पण सोबत अल्पवयीन मूल असेल तर दंड दुप्पट. ताई, तुमच्या बोटीत पाच मुलं होती म्हणून हे मुद्दाम सांगतोय. मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे आपल्या भाषेत ८० मिलिग्रॅम.

आणि आपल्या आयटीवाल्या मंडळींसाठी, व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी अटक झालीये का' असं विचारतात, शिक्षा झाली का एवढंच नाही. आमच्या त्या मित्राला पुढचं स्टॅम्पिंग होईपर्यंत झोप नव्हती.

सिंहगडरोडकर | गुरुवार, रात्री ९:३५

म्हणजे आपल्याकडे रस्त्यावर ३० आणि त्यांच्याकडे ८०, आपला कायदा रस्त्यावर त्यांच्यापेक्षा कडक आणि पाण्यावर मात्र आकडाच नाही! हा आकडा पाण्यावर का नसावा हे कुणीतरी आमदारांना विचारायला पाहिजे. मी पत्र लिहितोय, सह्या कोण कोण करणार?

भोरची पोर | गुरुवार, रात्री ९:४१

माझी सही धरा.

वल्हेकरी | गुरुवार, रात्री १०:००

माझी पण. आणि टेस्ट वेळेवर होणं किती महत्त्वाचं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण द्यायचं राहिलं. मार्च १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, कप्तान जोसेफ हेझलवूड किनाऱ्यावर पिऊन आला होता असं सांगितलं गेलं. पण रक्त घेतलं अपघातानंतर दहा तासांहून जास्त वेळाने. ज्युरीने नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून त्याला निर्दोष सोडलं. शिक्षा झाली ती निष्काळजीपणाने तेल सांडल्याची, ५०,००० डॉलर भरपाई आणि १,००० तास समाजसेवा. एवढं मोठं प्रकरण, सगळ्या जगाचं लक्ष, तरी असं झालं. आपल्या धरणावर तर लक्ष ठेवायलाही कुणी नाही.

धरणग्रस्त | शुक्रवार, सकाळी ६:५०

सगळं वाचलं. मला थोडं वेगळं सांगायचंय, राग मानू नका.

माझ्या आजोबांची शेती पाण्याखाली गेली. आमच्या बॅकवॉटरच्या गावांना बोट म्हंजे मजा नाही, पलीकडे दवाखाना, बाजार, पोरांची शाळा, सगळं बोटीवर. माझे चुलते लाँच चालवत, एक थेंब घेत नसत, श्रावणात तर पाण्याला हात जोडल्याशिवाय इंजिन चालू करत नसत. शनिवार-रविवारी शहरातून लोक येतात, स्वतः पितात, बोटवाल्याला पण पाजतात, "घे रे दादा एक" करत, आणि मग म्हणतात गोल फिरव, जोरात फिरव. मालक गावात नाही, तो शहरात बसून चकरा मोजतो. बोटवाल्याला चकरेमागे पन्नास-साठ रुपये. त्याने नाही म्हटलं तर उद्या दुसरा येतो.

दारू पिऊन बोट हाकणारा गुन्हेगारच, त्यात वाद नाही. पण तक्रार करताना मालकाचं नाव आधी लिहा, एवढंच मागणं आहे. उजनीत २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. तिथे दारूचा विषय नव्हता, वारं होतं. शुद्धीत असलेल्या माणसालाही पाणी असं घेऊन जातं, मग पिलेल्याचं काय.

काळा कोट | शुक्रवार, सकाळी ९:१५

काका, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं आणि कायदाही तुमच्याच बाजूने आहे. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा, जो १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला, तो इंजिनाच्या बोटीची नोंदणी, सर्व्हे म्हणजे बोटीची तपासणी, चालवणाऱ्याकडे पात्रतेचं प्रमाणपत्र आणि विमा हे सगळं मागतो, आणि 'अंतर्देशीय जलक्षेत्रा'त नदीबरोबर तलावही येतात. ही जबाबदारी मुख्यतः मालकाची. आपल्याकडे ही नोंदणी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे होते. त्यामुळे ताई, तक्रारीत तीन ओळी जास्त लिहा, बोटीचा नोंदणी क्रमांक काय, सर्व्हे कधी झाला, चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र होतं का, याची चौकशी व्हावी. ही कागदं तीन दिवसांनी पण तीच राहतात, रक्तासारखी उतरत नाहीत. दारूची टेस्ट हुकली तरी प्रकरण संपत नाही ते यामुळे.

आणि पाजणाऱ्यांबद्दल, चालवणारा पितोय हे बघून त्याला अजून ओतणारा माणूस परिस्थितीनुसार चिथावणीच्या कलमात अडकू शकतो, हे ग्रुपवाल्यांनी लक्षात ठेवावं.

पवनाकाठ | शुक्रवार, दुपारी ४:२०

आम्ही मित्र कॅम्पिंगला जातो तेव्हा रात्री कायाक काढतो, इंजिन नसतं, स्वतःच वल्हवतो. त्याला पण हे लागू आहे का? खरं सांगायचं तर प्यायलेले असतो.

काळा कोट | शुक्रवार, दुपारी ४:५५

न्याय संहितेत जलयान म्हणजे पाण्यावरून माणसं किंवा माल नेण्यासाठी बनवलेली कुठलीही वस्तू. कायाक आली, तराफा आला. दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला तर २८२ लागतं. शिवाय पावसाळ्यात धरणांवर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असेल आणि तो मोडून जिवाला धोका निर्माण केला तर कलम २२३, एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

डेक्कनचा डॉक्टर | शुक्रवार, दुपारी ५:१०

भावा, कलम राहू दे बाजूला. रात्री, प्यायलेला, कायाकवर, जॅकेट नसताना उलटलास तर आमच्यापर्यंत येईस्तोवर काही करण्यासारखं उरत नाही. मी असे दोन बघितलेत, दोघंही पंचविशीच्या आतले, एकाचे वडील सकाळपर्यंत कॉरिडॉरमध्ये त्याचे ओले बूट हातात धरून उभे होते. नको करूस.

पवनाकाठ | शुक्रवार, दुपारी ५:४८

वाचलं डॉक्टर. ग्रुपवर टाकतो तुमचा मेसेज.

कात्रजकरीण | रविवार, रात्री ८:३०

अपडेट देते. काल मी आणि नवरा हद्दीतल्या पोलीस स्टेशनला जाऊन आलो. सुरुवातीला "कुणाला लागलंय का, मग कशाला" असं झालंच, पण मी कलम २८२ आणि २८४ कागदावर लिहूनच नेलं होतं, फोटोची प्रिंट जोडली होती. ड्युटीवरच्या मॅडमनी पुस्तक काढून कलम वाचलं आणि मग शांतपणे सगळं ऐकून घेतलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे मालकाचं नाव पहिल्या ओळीत लिहिलंय आणि नोंदणी, सर्व्हे, प्रमाणपत्र या तीन ओळी पण आहेत. अर्जावर शिक्का मारून पोच दिली. मेरिटाइम बोर्डाला वेगळा अर्ज पोस्टाने पाठवलाय.

समोरून जी बोट आली होती ना, त्यातल्या एका ताईंचा नंबर तिथल्या चहावाल्याकडून मिळाला. त्या पिंपळे सौदागरला राहतात. त्यांच्या मुलाने तेव्हा व्हिडिओ काढलेला, त्यात आमची बोट वळताना दिसते आणि त्यांची किंकाळी ऐकू येते. त्या म्हणाल्या मी पण जबाब द्यायला येते. बुधवारी अकरा वाजता दोघींना बोलावलंय.

काळा कोट, मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्यायची की मोबाइलच घेऊन जायचा?

काळा कोट | रविवार, रात्री ८:५२

दोन्ही न्या. मोबाइलमधून काही डिलीट करू नका, आणि त्या ताईंनाही आजच फोन करून तेच सांगा. बुधवारी अकराला मी स्टेशनच्या बाहेर असेन.